रेंजवाले दाजी

घरात वायफायचा डबा आणायचा म्हणजे दुकान लागतं, पैसे लागतात आणि आमच्या धाराशिवात दाजी लागतात. पहिल्या दोन गोष्टींची सोय झाली तरी तिसरी जुळून आल्याशिवाय माणूस बाजाराकडं पाऊल टाकत नाही. सोनं घेताना बायकोला विचारतात, जमीन घेताना तलाठ्याला आणि राऊटर घेताना दाजींना. तलाठी निदान एखाद्या वेळी ‘कागद बघून सांगतो’ म्हणतो. दाजी बघत बसत नाहीत, थेट सांगतात.

जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांत हा माणूस सापडतो. परंड्याचा दाजी बार्शीच्या दुकानाचा दाखला देतो, कळंबचा लातूरच्या, तुळजापूरचा सोलापूरच्या आणि उमरग्याचा सीमा ओलांडून गुलबर्ग्याच्या. आपल्या गावात मिळतं ते दुय्यम, यावर सगळ्यांचं एकमत. कुठं त्याला आण्णा म्हणतात, कुठं सर, कुठं नुसतंच ‘आमचं ते’. आमच्या गल्लीतले दाजी मात्र खरोखरचे दाजी आहेत. गल्लीची लेक त्यांना दिली आहे. सासऱ्यांच्या घरापासून तिसऱ्या घरात ते भाड्यानं राहायला आले आणि पुढं तेच घर विकत घेतलं. घरजावई म्हणायची कुणाची टाप नाही. पण ऐंशीच्या म्हातारीपासून दुसरीतल्या पोरापर्यंत सगळी गल्ली त्यांना दाजी म्हणते, आणि जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही ही आमच्याकडची रीत. त्यांचा सल्ला चुकला तर सासरची माणसं ‘आमच्याच भिंती वाईट’ म्हणून मोकळी होतात.

या अधिकाराची सुरुवात राऊटरच्या फार आधीची. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं आणि त्याच वर्षी दाजींचं लग्न झालं. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी आले तो नेमका रविवार. गल्लीत एक टीव्ही, त्याच्यापुढं चाळीस माणसं आणि पडद्यावर मुंग्या. नवे जावई शिडी लावून माळवदावर चढले, अल्युमिनियमची अँटेना धरून फिरवू लागले. खालून एक पोरगं दारात उभं राहून ओरडत होतं. ‘आलं का?’ ‘न्हाई!’ ‘आता?’ ‘जरा आलं, गेलं!’ ‘आता?’ आणि एका क्षणी मुंग्या गेल्या, प्रभू रामचंद्र दिसले. खाली बसलेल्या बायांनी हात जोडले. ते रामाला की माळवदावरच्या दाजींना, हे अजून कुणी नक्की सांगितलेलं नाही. दाजींनी मात्र त्याचा निकाल तेव्हाच लावून टाकला.

पुढं नोकरी त्यांनी एका कचेरीत आवक-जावक टेबलावर केली. तिचा रेंजशी संबंध नाही असं वाटेल, पण आहे. डाउनलोड आणि अपलोड हा भेद आमच्या गल्लीला कुठल्या कंपनीच्या माणसानं समजावलेला नाही, दाजींनी समजावलाय. ‘बाहेरनं येती ती आवक, आपण धाडतो ती जावक. कंपन्या आवक दाखवून प्लॅन इकत्यात अन् जावकीचं बारक्या अक्षरात ल्हित्यात. तुमच्या पोराचा चेहरा सरांना दिसंना झाला, म्हंजे जावक तुंबली.’ याहून सोपी शिकवणी मी कुठल्या माहितीपत्रकात वाचलेली नाही.

राऊटरचं युग गल्लीत आलं ते २०२० साली. जानेवारीत आमच्या शहरात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागून पोरांची शाळा मोबाइलमध्ये शिरली. जी पोरं शाळेत मागच्या बाकावर बसायची ती आता माळवदावर बसू लागली, कारण रेंज तिथंच. उन्हाळ्यात माळवदावर भूगोल शिकणं म्हणजे वाळवंटाचा धडा प्रात्यक्षिकासह. मग घराघरात फायबरची लाइन घ्यायची टूम निघाली. दाजी नुकतेच निवृत्त झालेले, हात रिकामे, आणि पुन्हा एकदा गल्लीला रेंज नव्हती.

दुकानात दाजींना बघणं हा सोहळा आहे. दुकानदार आता सरावलाय. तो कंपनी विचारत नाही, किंमत विचारत नाही.

‘किती शिंगांचा दाखवू, दाजी?’

‘खोल्या किती?’ दाजी आपल्या बरोबरच्या गिऱ्हाइकाला विचारतात.

‘चार अन् न्हाणी.’

‘चार शिंगांचा दाखव. न्हाणीत नेट लागत न्हाई.’

खोलीमागं एक शिंग, हे दाजींचं सूत्र. मग खोका हातात घेऊन ते वजन जोखतात. ‘वजन हाय. वजनाशिवाय रेंज नसती.’ खोका उघडला की शिंगं एकेक हलवून बघतात, पाठीमागच्या भोकांत डोकावतात, पोटाखाली काय लिहिलंय ते चष्मा कपाळावर सरकवून वाचतात. दात बघायचे तेवढे राहतात. दुकानदार बिचारा एकच शब्द बोलायला तोंड उघडतो आणि दाजी म्हणतात, ‘आम्हाला शिकवू नको, आम्ही हितलं जावाई हाव.’

आता शिंगांचं, म्हणजे अँटेनांचं, खरं काय ते सांगतो. परवाना न काढता घरात रेडिओलहर सोडता येते ती सरकारनं तशी मोकळीक दिलीय म्हणून. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडं २००५ साली परवानामुक्त झाला. पाच गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा २०१८ साली. पण मोकळीक देताना ताकदीवर मर्यादा घातलेली आहे. शिंगं दोन असोत की आठ, ती मर्यादा ओलांडून राऊटरला ओरडता येत नाही. जास्त शिंगांचा उपयोग वेगळा: एकाच वेळी दोन-तीन प्रवाह सोडता येतात, चार मोबाइलना एकदम उत्तर देता येतं, लहर हव्या त्या दिशेला जराशी वळवता येते. स्वस्तातल्या डब्याला तर नुसतं रुबाबासाठीही शिंग असू शकतं. शिवाय राऊटर कितीही मोठ्यानं बोलला तरी मोबाइलला उलट बोलता आलं पाहिजे. त्या बिचाऱ्याची अँटेना नखाएवढी. भांडणात दोघांचा आवाज लागतो. गल्लीला हे कळायला हरकत नव्हती, कारण भांडणाचा अनुभव दांडगा.

खोक्यावरच्या आकड्यांचंही तसंच. दाजी ‘बाराशे’ बघून खूश होतात. ‘एसी बाराशे’ म्हणजे २.४ च्या पट्ट्यावर कागदोपत्री तीनशे आणि पाचच्या पट्ट्यावर आठशे सदुसष्ट, मिळून अकराशे सदुसष्ट, आणि वरचे तेहतीस कंपनीनं आहेर म्हणून घातलेले. एका मोबाइलला हे दोन्ही एकदम मिळत नाहीत, आणि बाहेरून येणारी लाइन पन्नासची असली तर डब्यावर बाराशे लिहा नाहीतर बारा हजार, घरात पन्नासच येणार. त्यातही काही ‘बाराशे’च्या डब्यांच्या पाठीमागची भोकं शंभरचीच असतात, दोनशेचा प्लॅन घेतला तरी शंभर त्या उंबऱ्याशीच अडतात. खोका घेताना शिंगं मोजण्यापेक्षा पाठीमागं ‘गिगाबिट’ लिहिलंय का ते बघावं. दाजी पाठीमागं बघतात, हे मी वर सांगितलंच. पण ते स्क्रू बघतात.

एवढं वाचून दाजींना काही कळत नाही असा ग्रह करून घेऊ नका. तसं असतं तर फार बरं झालं असतं. त्यांना टाळता आलं असतं. दाजींचं निम्मं बोलणं शंभर नंबरी खरं असतं. अडचण इतकीच की खरं निम्मं आणि खोटं निम्मं ते एकाच आवाजात, एकाच चष्म्यातून, तेवढ्याच ठामपणे सांगतात, आणि वेगळं करायला चाळणी कुणाकडं नाही.

उदाहरणार्थ, गल्लीतल्या एकानं कंपनीच्या माणसाची गचांडी धरली होती. ‘पन्नासचं पैसं घेतलाव अन् सहाच्या स्पीडनं उतरवून घ्यायलंय!’ दाजींनी मध्ये पडून सोडवलं. ‘पन्नास हाय ते बिट. मोबाइल दाखवतोय ते बाइट. आठानं भाग घाल.’ पन्नास भागिले आठ, सव्वासहा. गचांडी सुटली. हे खरं. पण तिथंच पुढचं वाक्य असं होतं: ‘अन् डब्याची बत्ती निळी असती तर आठानं भाग घालायला लागलं नसतं.’ तेव्हापासून आमच्या गल्लीत निळ्या बत्तीच्या डब्याला मागणी आहे.

राऊटर बनवणारी डी-लिंक आपल्या गोव्याची कंपनी, असं ते छाती काढून सांगतात. मूळ कंपनी तैवानची. पण तिच्या भारतीय कंपनीचं कार्यालय खरंच गोव्यात वेर्णे इथं आहे. म्हणजे खोटं म्हणावं तर पंचाईत, खरं म्हणावं तर त्याहून पंचाईत. मायक्रोवेव्ह लावला की वायफाय अडखळतं असंही ते सांगतात, आणि ते बरोबर आहे, दोघांची लहर जवळजवळ एकाच जागेवर. गल्लीत मायक्रोवेव्ह कुणाकडंच नाही, त्यामुळं हे अगदी अचूक ज्ञान वाया गेलेलं आहे.

सगळ्यात मोठा घोटाळा ‘फाइव्ह जी’चा. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात मोबाइलचं ५जी सुरू झालं आणि दाजींनी त्याच दिवाळीत जाहीर केलं की आपल्या गल्लीत ते कधीच आलंय, कारण डब्याच्या नावापुढं तसं लिहून येतं. आता मोबाइलचं ५जी म्हणजे पाचवी पिढी, आणि राऊटरच्या नावापुढचं ५जी म्हणजे पाच गिगाहर्ट्झची लहर. दोघांचा संबंध आडनाव एक असण्यापुरता. ही पाचची लहर वेगानं पळते, पण लांबीला बारकी, पाच-सहा सेंटिमीटरची. भिंत आडवी आली की दमते. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटरची, वेगाला कमी, पण भिंतीपलीकडं जास्त तग धरते. लांबच्या खोलीत बसायचं असेल तर मोबाइल २.४ वर ठेवावा, डब्याजवळ बसून सिनेमा बघायचा असेल तर पाचवर. दाजी सगळ्यांचे मोबाइल पाचवर ठेवून देतात. ‘पाच मोठं का अडीच मोठं?’ या प्रश्नाला पहिलीतलं पोरगंही एकच उत्तर देणार.

आणि इथंच गोष्ट भिंतींवर येते. खरं तर राऊटरची निवड दुकानात करायचीच नसते, ती घरात करायची असते, भिंतीवर हात ठेवून.

आमच्या जुन्या गावठाणातली घरं माळवदाची. दगड-मातीच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या; वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस अंश असताना आत गार. ज्या भिंतीनं ऊन अडवायचं तिनं वायफाय तेवढं सोडून द्यावं, ही अपेक्षाच अन्यायाची. शिवाय ज्यांनी माळवद काढून वर पत्रा टाकला त्यांच्या घरात लहर पत्र्यावर आपटून परत येते. आणि आमच्या शहराला पाणी यायचं ते उजनीहून, एवढ्या लांबून. नळ काही रोज येत नाही. त्यामुळं घराघरात टाकी, पिंप, हंडे, कळश्या, भरलेल्या बादल्यांची रांग. पाणी ही लहर पिऊन टाकतं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राऊटर आणि मोबाइल यांच्यामध्ये एक सोफा असतो. आमच्याकडं हजार लिटरची टाकी असते.

लोहारा-उमरगा भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर लोकांनी दगड-मातीच्या जाड भिंतींचा धसका घेतला. पुनर्वसनात बारीक भिंतींची घरं आली. दाजींची धाकटी बहीण तिकडं दिलेली आहे. तिच्या घरी साधा दोन शिंगांचा डबा सगळ्या खोल्यांना पुरतो. हे सांगताना दाजी एरवीसारखं ठासून सांगत नाहीत, नुसतं सांगतात आणि विषय बदलतात.

मास्तरांच्या वाड्याचं प्रकरण या सगळ्याचा कळस. मास्तर निवृत्त मुख्याध्यापक, वाडा आजोबांच्या वेळचा. ढाळज, मग चौक, मग सोपा, मग माजघर. फायबर आली ती रस्त्यावरून ढाळजेत, त्यामुळं डबाही ढाळजेतच. ठेवायचा कुठं, हा प्रश्न मास्तरीणबाईंना पडलाच नाही. भिंतीत देवळी होती. तिथं पूर्वी कंदील असायचा. बत्ती असलेली वस्तू देवळीतच जाणार. आणि नातू बसायचा माजघरात, कारण परीक्षा जवळ आलेली आणि माजघर थंड.

रेंज माजघरात पोचेना. दाजींना बोलावणं गेलं.

पहिल्या खेपेला दाजींनी कंपनीनं दिलेला दोन शिंगांचा डबा बाजूला काढून चार शिंगांचा आणवला. देवळी तीच. दुसऱ्या खेपेला सहा शिंगांचा. तो तर त्यांनी स्वतःच्या घरून उचलून आणला; २०२३ च्या अधिक महिन्यात मेहुण्यांनी तो त्यांना धोंड्याच्या वाणात दिला होता. तेहतीस अनारसे, वर तांब्याचं ताट, ताटात राऊटर. सासूबाईंनी त्यालाही हळद-कुंकू लावलं होतं, ते एका शिंगाच्या बुडाशी अजून दिसतं. हा वाणाचा डबा देवळीत बसेना म्हणून दाजींनी दोन शिंगं दुमडून बसवला. मग सुरू झाली जुनी सवय. ढाळजेत दाजी शिंगं फिरवतायत, माजघराच्या दारात नातू मोबाइल धरून उभा.

‘आलं का?’

‘न्हाई!’

‘आता?’

‘एक कांडी आली!’

‘आता?’

‘आजी मधी आली!’

तिसऱ्या खेपेला दाजींनी रिपीटर लावला, चौकात, तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर. रिपीटर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. एकाच पट्ट्यावर दोन्ही करायचं तर निम्मा वेळ ऐकण्यात जातो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो जिथं धड ऐकू येतं तिथं ठेवायला हवा. दाजींनी ठेवला तिथं त्यालाच ऐकू येत नव्हतं. मोबाइलमध्ये कांड्या भरलेल्या दिसायच्या आणि पान उघडायचं नाही. मास्तर म्हणाले, ‘दाजी, रेंज आहे पण नेट नाही.’ दाजी म्हणाले, ‘रेंज आणून देणं माझं काम. नेट कंपनीला विचारा.’

तेवढ्यात लाइट गेली. लाइट गेली की दाजी खुलतात, कारण इथं त्यांचं ज्ञान निर्दोष आहे. राऊटर फार खात नाही, आठ-दहा वॅट. सगळ्या घराला इन्व्हर्टर नसला तरी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, त्यावर डबा दोन-चार तास निघतो. अडॅप्टरवर बारा व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते जुळवून घ्यायचं, नाहीतर डबा जळतो. भारनियमनाच्या जिल्ह्यात राऊटरच्या आधी हा यूपीएस घ्यावा, असं दाजी म्हणतात, आणि या एका वाक्यासाठी त्यांची बाकीची वाक्यं मी माफ करतो. फायबरच्या डब्याला आणि राऊटरला, दोघांनाही तो लागतो, एवढंच ते सांगायला विसरतात. मग राऊटर जिवंत, फायबरचा डबा मेलेला, आणि अंधारात रेंज फुल्ल.

चौथ्या खेपेला दाजींच्या बरोबर आक्का आल्या. आक्का म्हणजे गल्लीची लेक, दाजींची बायको. त्या मास्तरीणबाईंकडं कुरडया पोचवायला आलेल्या. नवरा देवळीत मुंडकं घालून उभा आहे हे बघून त्या म्हणाल्या,

‘आवं, देवळीत दिवा ठिवला तर उजेड म्होरं पडतो. मागच्या खोलीत पडंल व्हय?’

ढाळजेत शांतता पसरली. तीन बाजूंनी दगड, एक बाजू उघडी, आणि ती रस्त्याकडं तोंड करून. मास्तरांच्या वाड्यातलं सगळं वायफाय इतके दिवस समोरच्या पानटपरीवर पडत होतं. टपरीवर पोरांची गर्दी का वाढली, याचं कोडंही तिथल्या तिथं सुटलं.

ती गर्दी फुकट आत कशी शिरली, हा पुढचा प्रश्न; त्याचं उत्तर गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. आमच्या गल्लीतल्या एकूण एक डब्यांचा पासवर्ड दाजींनी टाकलेला आहे, आणि तो एकच आहे. विसरायला नको म्हणून. आत एमएच२५ आहे, गावाचा पिनकोड आहे, शेवटी त्यांच्या मुलीचं नाव आहे, आणि तो पत्र्याच्या दारावर खडूनं लिहिलेलाही आहे. डब्याच्या आत शिरायचा ‘अ‍ॅडमिन’ हा कंपनीचा पासवर्ड तर त्यांनी कुठंच बदललेला नाही. ‘कंपनीनं इचार करूनच ठिवला आसंल.’ पोरं संध्याकाळी फिरताना एका घरातून दुसऱ्या घरात, ‘जय_भवानी_५जी’वरून ‘पाणी_आलं_का’वर, तिथून ‘हात_लावू_नको’वर बिनबोभाट सरकत जातात. कुणाचा डबा कुणाच्या पोराला नेट देतोय याचा हिशेब कुणाला लागत नाही.

मास्तरांनी शेवटी फायबरवाल्या पोराला बोलावलं. पोरगं विशीतलं, मोटारसायकलवर मागं केबलचं भेंडोळं. त्यानं दाजींना आधी वाकून नमस्कार केला. पोरगं हुशार होतं. मग मोबाइलमध्ये एक ॲप उघडून म्हणालं, ‘दाजी, गल्लीतलं समदं डबं अकरा नंबरवर कसं काय?’

‘मी लावलेत. अकरा शुभ.’

२.४ च्या पट्ट्यात आपल्याकडं तेरा वाटा आहेत, पण त्या एकमेकींवर चढलेल्या. एकमेकींना न घासता जायचं तर एक, सहा आणि अकरा या तीनच. अख्खी गल्ली अकरावर. एक आणि सहा मोकळ्या पडलेल्या. आहेराच्या पाकिटात अकरा रुपये घालणाऱ्या माणसानं डब्यात एक नंबर घालणं शक्यच नव्हतं. पोरानं मास्तरांचा डबा सहावर नेला आणि म्हणालं, ‘आता माजघरापर्यंत तार नेतो. ह्या शिरेवरनं त्या शिरेला. तिथं तुमचा तो जुना दोन शिंगांचा डबा लावून देतो.’

दाजी पहिल्यांदाच चिडले.

‘वायफाय म्हंजे बिनतारी. बिनतारीला तार कशाला? मग डबा घ्यायचाच कशाला?’

‘दाजी, तीन फुटांची भिंत हाय. तिथनं लहर जात न्हाई, तार जाती. शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट बिनघोर जातंय.’

‘माळवदावरनं नेशील?’

‘व्हय. वरनं नेऊन माजघराच्या झरोक्यातनं खाली सोडतो.’

‘शेळी खाईल.’

पोरगं गप्प झालं, कारण हे खरं होतं. उस्मानाबादी शेळी मांसाला आणि दुधाला देशभर नावाजलेली, काळीभोर, जुळी करडं देणारी. शहराचं नाव बदलून धाराशिव झालं तरी शेळीचं बदललेलं नाही. मास्तरांच्या शेजाऱ्याकडं तशा चार आहेत, त्या दुपारी माळवदावर चढतात, आणि गेल्या साली केबल टीव्हीची वायर त्यांनीच खाल्ली होती. गल्लीतल्या एकाही अभियंत्याला हे सुचलं नसतं. दाजींच्या निम्म्या खऱ्यातलं हे निम्मं.

‘मग पायपातनं नेतो,’ पोरगं म्हणालं.

‘आता बोललास,’ दाजी म्हणाले.

काम तासाभरात झालं. करड्या पीव्हीसी पायपातून तार माळवदावरून गेली, माजघरात दोन शिंगांचा डबा बसला, ढाळजेत चार शिंगांचा डबा देवळीत न ठेवता उघड्यावर खुंटीशी टांगला. वाणाचा सहा शिंगांचा डबा दाजींनी पुसून परत पिशवीत घातला. माजघरात नातवाच्या मोबाइलवर पंचेचाळीस आलं. मास्तरांनी गुलाबजाम मागवले. फी म्हणून दाजी पैसे घेत नाहीत, धाराशिवचे गुलाबजाम घेतात. पोरालाही दोन मिळाले. दाजींनी पाचवा उचलला आणि मास्तरांना म्हणाले, ‘मी तुम्हाला पयल्यापासून काय सांगत हुतो? एका डब्यानं भागत न्हाई, दुसरा लावावा लागतो.’

आणि त्यांनी रिपीटर लावला होता हे आठवून मास्तरांना मान हलवावी लागली.

आता दाजींची कीर्ती तेरपर्यंत पोचलीय. परवा तिकडचा एक शेतकरी सोयाबीन विकून येताना गल्लीत चौकशी करत आला. गावातल्या घरी फायबर आहे, शेतातला शेळ्यांचा गोठा तिथून किलोमीटरभर. गोठ्यावर कॅमेरा लावायचाय, पण तिथं रेंज नाही.

‘होतंय की,’ दाजी म्हणाले. मी दचकलो, कारण ते खरंच होतं. दोन्ही टोकांना दिशा धरून बसवायच्या बाहेरच्या अँटेना मिळतात. मध्ये झाड, टेकडी, इमारत नसेल, एकमेकींना एकमेकी दिसत असतील, तर किलोमीटर काही फार नाही. दाजींनी पाटीवर रेघा ओढून त्याला ते समजावलंसुद्धा, बरोबर समजावलं. मी म्हटलं, आजचं निम्मं हेच.

मग शेतकऱ्यानं जरा चाचरत विचारलं, ‘पर दाजी, शेतावर थ्री फेजची लाइट ह्या आठवड्यात रातचीच हाय, आठ तास. दिवसा नसती. कसं करावं?’

‘मग आडलंय कुठं?’ दाजी म्हणाले. ‘चोर काय दिवसा येतोय व्हय?’